उंबराचा सव्वा महिना

तळवड्यात कुणाच्या भिंतीत पिंपळ उगवला, की घरधनी दोन-चार वर्षं काणाडोळा करायचा. मग एखाद्या पावसाळ्यात भिंतीला पोट सुटायचं आणि चांदभाई गवंड्याला निरोप जायचा. पिंपळ, वड, उंबर ही देवाची झाडं. ती आपल्या हातानं उपटली तर घराला बाधतं, असं सगळेच मानत. चांदभाईच्या घराला बाधलं तर काय, हा प्रश्न कुणी काढत नसे. त्याला मजुरी मिळायची, वर सुपात शिधा मिळायचा, आणि झाड पोत्यात बांधून त्याच्या घरी जायचं.

त्याच्या घरी म्हणजे त्याच्या बायकोच्या, खैरुन्निसाच्या हातात.

ती लग्न होऊन आली तेव्हा असली झाडं नदीत सोडायची रीत होती. तिसऱ्या वर्षी चांदभाईनं चिंचवडच्या एका घराच्या भिंतीतून मनगटाएवढ्या बुंध्याचा पिंपळ काढून आणला. इंद्रायणीला पूर होता, म्हणून तो परसात तसाच पडून राहिला. खैरुन्निसाला झाडांचं काही वेड नव्हतं. दारात काही मरत पडलेलं तिला बघवायचं नाही, एवढंच. तिनं पिंपळ फुटक्या घमेल्यात उभा केला आणि त्याच पाडलेल्या भिंतीचा विटांचा चुरा त्याच्या मुळांवर लोटला. पंचविसाव्या दिवशी त्याला तांबूस पान फुटलं. पुढच्या महिन्यात त्या घरची म्हातारी कसलं तरी निमित्त काढून गाडी जुंपून आली, परसात डोकावली आणि डोळ्याला पदर लावून उभी राहिली.

"जगला का गं?" ती म्हणाली. "मला महिनाभर झोप न्हवती."

तेव्हापासून निरोप बदलला. 'झाड काढायचंय' असा न येता 'झाड खैराबीकडं न्यायचंय' असा येऊ लागला. पंधरा वर्षांत परसात तीसेक झाडं झाली. घासलेटचे कापलेले डबे, फुटके रांजण, काठ गेलेली घमेली, आणि त्यांत हात-दीड हात उंचीची झाडं. पण बुंधे पाहावेत तर म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखे गाठाळलेले. भिंतीच्या फटीत वीस-तीस वर्षं उपाशी राहिलेलं झाड वाढत नाही, नुसतं वय साठवतं. डब्यातही त्याला तसंच अर्धपोटी ठेवावं लागतं, हे खैरुन्निसाला चार झाडं मारल्यावर कळलं. दर दोन वर्षांनी ती झाड डब्यातून काढी, मुळांचा गुंता पोरीच्या केसांसारखा विंचरी, जाड मुळं छाटी आणि बारीक मुळं राखून पुन्हा विटांच्या चुऱ्यात बसवी.

काढायची रीतही तिनंच नवऱ्याला शिकवली. ओढायचं नाही. तीन दिवस फटीवर ओली पोती लावून ठेवायची, मग छिन्नीनं चुना कोरायचा, मुळाला लोखंड लागू द्यायचं नाही. घरी आल्यावर झाडाचा सव्वा महिना. बाळंतिणीला ठेवतात तसं आडोशाला ठेवायचं, वारा नाही, ऊन नाही, चार बायकांनी येऊन हात लावणं नाही. परसातल्या छपराखाली तट्ट्या बांधून केलेल्या कोपऱ्याला चांदभाई चेष्टेनं 'तुझी बाळंतखोली' म्हणायचा.

पिंपरीला नवे कारखाने उभे राहिले तसा साहेबांच्या बंगल्यांवर बागा बघणारा रंगराव सायकलवरून अधूनमधून येऊ लागला. पहिल्यांदा परस बघून तो डब्याडब्यापुढं उकिडवा बसत गेला होता.

"भाभी, जपानात याला बोन्साय म्हणतात. तिथं लोक डोंगरात हिंडून असली झाडं शोधून आणतात."

"डोंगरात कशाला? त्यांच्याकडं भिंती न्हाईत?" खैरुन्निसा म्हणाली.

ती त्याला नांदरुक, पिंपरण असलं भिंतीतलंच एखादं साधं झाड द्यायची. ज्या झाडामागं कुणी माणूस होतं, ते झाड तिनं कधी दिलं नाही.

छप्पन सालच्या वैशाखात उद्धवरावांच्या विहिरीचा उंबर निघाला.

उद्धवराव गावातले मोठे बागाईतदार. त्यांच्या पायऱ्यांच्या विहिरीत, पाण्यापासून पुरुषभर उंचीवर, दगडांच्या सांध्यात तो उंबर होता. किती वर्षांचा, ते उद्धवरावांनाही सांगता येत नव्हतं. उंची दोन हात, आणि मूळ मात्र अख्ख्या भिंतीत शिरलेलं. त्या वर्षी भिंतीचे चार दगड पुढं आले. पावसाआधी ती बाजू उतरवून पुन्हा बांधली नाही तर विहीर बुजणार, हे दिसत होतं.

पण त्या उंबरामागं माणूस होतं. उद्धवरावांची थोरली भावजय, दुर्गाबाई. नवरा गेल्यापासून ती दर गुरुवारी विहिरीच्या पायरीवर उभी राहून उंबराला तांब्याभर दूध वाहायची. गेल्या दिवाळीपासून तिचा एकुलता एक मुलगा सयाजी औंधच्या दवाखान्यात क्षयानं पडून होता. पहिल्यांदा रक्त पडलं त्या रात्री तिनं उंबराला साकडं घातलं, आणि सकाळी रक्त थांबलं. तेव्हापासून ती पाणवठ्यावर, देवळात, जिथं बायका भेटतील तिथं एकच सांगायची, "उंबर हाय तवर माझा सयाजी हाय."

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. चांदभाईला तर होतंच. त्यानं उद्धवरावांना म्हटलं, आषाढापर्यंत थांबू, पावसात झाड सहज धरतं. वैशाखात झाड काढणं म्हणजे आजाऱ्याला तापात हलवणं.

"आषाढात इहीर ऱ्हाईल का?" उद्धवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चांदभाईनं फटीवर ओली पोती लावली.

तीन दिवसांनी, शुक्रवारी, काम धरलं. चांदभाई कमरेला दोर बांधून भिंतीवर लोंबकळत छिन्नी चालवत होता. खैरुन्निसा खालच्या पायरीवर ओली पोती घेऊन उभी होती. दुर्गाबाई वर काठाशी बसलेली. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"चांदभाई, मूळ तुटल्याचा आवाज आला."

"चुना तुटला, वैनी."

"मूळ तुटलं."

"वैनी, तुमी घरी जावा बरं. तुमी वरनं आवाज ऐकताय आन् माजी छिन्नी चुकतीया."

दुर्गाबाई हलली नाही. उन्हं कलल्यावर उंबर सुटला. तान्ह्या मुलासारखा तो खैरुन्निसाच्या हातांतल्या पोत्यावर आला. मागं भिंतीत राहिलेल्या मुळांच्या तुटक्या टोकांतून पांढरा चीक ठिबकत होता. पायऱ्या चढून ती वर आली तेव्हा दुर्गाबाई समोर उभी राहिली. तिनं झाडाला हात लावला नाही. खैरुन्निसाच्या तोंडाकडं बघत विचारलं, "जगंल?"

या प्रश्नाला खैरुन्निसाचं एक ठरलेलं उत्तर होतं. 'अल्लाची मर्जी, आपण राखण करायची.' पंधरा वर्षं हेच उत्तर तिनं सगळ्यांना दिलं होतं. पण दुर्गाबाईच्या ओठांना कोरड पडून भेगा पडल्या होत्या, आणि ती एका झाडाबद्दल विचारत नव्हती.

"जगंल," खैरुन्निसा म्हणाली. "माझी जबान."

घरी येताना वाटेत चांदभाईनं दोराचं वेटोळं खांद्यावर सरकवलं. मग म्हणाला, "झाडाची जबान कुणी देतं का?"

"तिचं तोंड बघितलंस का?"

"मी दोरावर होतो, मी काय बघतो. पण उद्या पोराचं बरंवाईट झालं तर गाव काय म्हणंल?"

"काय म्हणंल?"

"काय न्हाई म्हणणार. नुसतं काम सांगायचं बंद करतील."

उंबर बाळंतखोलीत गेला. रुंद, उथळ पत्र्याचा डबा, तळाला चार भोकं, विटांचा चुरा, नदीची वाळू, मुळांवर ओलं पोतं. सहाव्या दिवसापर्यंत सगळी पानं गळाली. खैरुन्निसाला त्याचं काही वाटलं नाही, असं होतंच. ती दर दोन दिवसांनी बाभळीचा काटा सालीत टोचून बघे. टिपूसभर चीक आला की झाड आत जागं आहे.

गुरुवारी दुर्गाबाई आली. ती खैरुन्निसाच्या घरात कधी बसत नसे, की पाणी घेत नसे. परसाच्या कडेला उभी राहून बोलायची. उघडा उंबर बघून तिचा चेहरा पांढरा पडला. खैरुन्निसानं काटा टोचून चिकाचा थेंब दाखवला.

"हे हाय तवर काळजी न्हाई, वैनी. सव्वा महिना मात्र बघायला यायचं न्हाई. कुणीच न्हाई."

"मी बी न्हाई?"

"तुमी बी न्हाई."

दुर्गाबाईनं मान हलवली. ती होकाराची मान नव्हती, हे खैरुन्निसानं नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी फांद्यांच्या टोकांवर तांबडे डोळे फुगले. पंधराव्या दिवशी ते काळे पडून गळाले. खैरुन्निसानं काटा टोचला. चीक आला, पण तिला मनात वीसपर्यंत मोजावं लागलं. पोतं उचललं तर आंबूस वास आला आणि मुंग्यांची रांग दिसली.

पाणी जास्त झालं असेल म्हणून तिनं पाणी थांबवलं. वास गेला नाही. शेळी इकडं येऊन मुतत असेल म्हणून शेळी पुढच्या अंगणात बांधली. वास गेला नाही.

"तू चहाचा गाळ ओततोस का रे हिथं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी तुझ्या बाळंतखोलीत पाऊल टाकतो का कधी? बाप्यांना मनाई हाय न्हवं?"

तिनं पोतं पुन्हा उचलून हुंगलं.

त्यातच रंगराव येऊन गेला. आपल्या कारखान्याच्या बड्या साहेबांकडं परदेशी पाहुणे येणार, त्यांना दाखवायला असं जुनं झाड हवं, म्हणून तो उंबरापुढं बराच वेळ बसला.

"हे मला द्या, भाभी. सांगाल ते देतो."

"हे कुणाचं तरी हाय."

"उघडंबोडकं तर आहे. मेलं तर तुमचंही नाही, त्यांचंही नाही."

"रंगराव, उठा आता," ती म्हणाली.

त्याची सायकल दारात तासभर उभी होती, ते कुणीतरी बघितलं. दुसऱ्या दिवशी उद्धवराव स्वतः आले. ते कधी या आळीत पायी येत नसत.

"चांदभाई, उंबर साह्यबाला इकला म्हनत्यात. खरं हाय?"

"जिभंला हाड न्हाई लोकांच्या," चांदभाई म्हणाला. "जावा आत, बघा."

उद्धवरावांनी आत जाऊन बघितलं. उघडा, काळपट उंबर बघून ते आवाज उतरवून म्हणाले, "जिता हाय न्हवं? औंधचा डागदर म्हनतो, फुप्फुस दबवायला सयाजीच्या बरगड्या काढायला लागतील. वैनीला अजून सांगितलं न्हाई मी. आन् ही त्या झाडावर टेकलीया."

खैरुन्निसानं काटा टोचला. दोघंही सालीकडं बघत राहिले. तीस मोजून झाले, चाळीस झाले. मग सालीवर एक ओलसर ठिपका उमटला. त्याला थेंब म्हणवत नव्हतं.

"हाय," ती म्हणाली.

उद्धवराव गेल्यावर तिला आपल्या घरात बसवेना. झाड आतून सडत होतं, आणि कशानं ते तिला कळत नव्हतं. तिच्या हातून कधी पाणी जास्त झालं नव्हतं, मुळं उघडी राहिली नव्हती. मग रात्रभर तिनं एक एक गोष्ट काढून बघितली, आणि पहाटे तिच्या लक्षात आलं की मुंग्या फक्त सकाळी असतात. दुपारपर्यंत जातात.

पहाटेची नमाज झाली की ती रोज नदीवर पाण्याला जायची. त्या दिवशी तिनं घागर घेतली, मागलं दार ओढून घेतलं, आळीच्या तोंडापर्यंत गेली, आणि वळसा घालून परत येऊन कडब्याच्या गंजीआड उभी राहिली.

निवडुंगाच्या कुंपणात शेळीनं पाडलेली एक फट होती. त्या फटीतून दुर्गाबाई आत आली. अंगावरचं लुगडं ओलं, पाणी निथळत होतं. हातात तांब्या. तिनं उंबराच्या डब्यावरचं पोतं सराईतासारखं उचललं, तांब्या ओतला, पोतं परत जागेवर नीट बसवलं आणि हात जोडले. डब्याच्या काठावरून सांडलेलं दूध फटफटत्या उजेडात पांढरं दिसलं.

खैरुन्निसाला आधी सुटल्यासारखं वाटलं; आपली चूक नव्हती. मग राग आला. मग भीती वाटली, आणि ती मात्र गेली नाही.

"वैनी."

दुर्गाबाई दचकून वळली. तिनं पटकन ओठांवर बोट ठेवलं.

खैरुन्निसाला समजायला वेळ लागला नाही. गावातल्या बायकांत राहून तिला हे व्रत माहीत होतं. एकवीस दिवस, ओलेत्यानं, मुक्यानं. आंघोळीपासून पूजा करून घरी परत जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की मागचं सगळं वाया.

"किती दिवस झाले?"

दुर्गाबाईनं दहा बोटं दाखवली, मग सात.

"म्हंजी चार राहिले. साखर घालता का दुधात?"

मान होकाराची हलली.

"वैनी, चार दिवसांत हे झाड जातंय."

दुर्गाबाई सरकून उंबराच्या आणि तिच्या मध्ये उभी राहिली. तिनं पाय घट्ट रोवले.

"इहिरीत तुमी वतायचा ते दूध दगडावरनं खाली पाण्यात जायचं," खैरुन्निसा म्हणाली. आपला आवाज चढतो आहे हे तिला कळत होतं. "हिथं पत्र्याचा डबा हाय. मी मुळं झाकून ठिवलीत. हिथनं दूध जाणार कुठं? तिथंच ऱ्हातंय, तिथंच नासतंय. मला आठ-धा दिस वाटतंय, माझाच हात चुकला."

दुर्गाबाई तशीच उभी. खैरुन्निसानं तिच्या बाजूनं हात घालून पोत्याखालचा मूठभर चुरा काढला आणि तिच्या नाकाशी धरला.

तीस वर्षं चार म्हशींचं दूधदुभतं काढलेली ती बाई. न घासलेल्या चरवीचा वास तिला कुणी समजावून सांगायला नको होता. तिचं नाक आक्रसलं. तिनं चुऱ्याकडं बघितलं, हातातल्या रिकाम्या तांब्याकडं बघितलं. मग तांब्या असा खाली ठेवला, जणू तो आवाज करील.

"मला आत्ता हे उपसायला लागंल," खैरुन्निसा म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "कुजलेली मुळं कापायला लागतील. मुळं कापली की वरच्या फांद्या बी. तुमच्या देवाला कोयता लावणार हाय मी. तुमी हो म्हटल्याबिगर लावणार न्हाई. बोलू नका. मान हलवा, बास."

आळीत कुणाचंतरी जातं सुरू झालं. चांदभाई खोकत मागल्या दारात आला, दोघींना बघितलं, आणि खोकला गिळून आत वळला.

दुर्गाबाईची मान हलली नाही. खैरुन्निसा वाट बघत राहिली. तिला वाटलं, ही अशीच उभी राहणार, उजाडणार, ही निघून जाणार आणि उद्या पुन्हा येणार. आणि मी अडवलं तर गावात सांगणार की खैराबीनं माझी पूजा मोडली. अडवलं तरी आपल्यावर येणार, नाही अडवलं तरी आपल्यावरच. तिनं कोयता आणायला पाऊल उचललं नाही. जबान दिली ती झाडाची. दुसऱ्याच्या देवाची नव्हती.

"किती कापशील?"

आवाज इतका खरखरीत होता की क्षणभर खैरुन्निसाला तो दुर्गाबाईचा वाटलाच नाही. मान हलवून तिचं भागणार नव्हतं. तिला विचारायचं होतं.

"वैनी, बोललात तुमी."

"बोलले. किती कापशील, ते सांग."

"जेवढं कुजलंय तेवढं."

"आन् उरंल किती?"

"ते काढल्यावर कळंल."

दुर्गाबाईनं ओला पदर कमरेला खोचला. "काप," ती म्हणाली. "कुनी इच्यारलं तर म्हन, दुर्गाबाईनं सांगितलं." आणि ती डब्याशी खाली बसली.

खैरुन्निसानं कोयता आणला, आणि डबा आडवा करून दोघींनी झाड बाहेर काढलं. खालची मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती. बोटानं धरली की उकडलेल्या वालाच्या सालासारखी सालपटं निघून येत. खैरुन्निसा कापत गेली. दुर्गाबाईनं बुंधा दोन्ही हातांनी धरला होता, आणि प्रत्येक घावाला तिचे डोळे मिटत होते. निम्मी मुळं गेली, तरी कापलेल्या टोकाला नुसतं तपकिरी पाणी.

"अजून?" दुर्गाबाईनं विचारलं.

"अजून."

भिंतीच्या दगडाला चपटून वाढलेलं एका बाजूचं मूळ उरलं होतं. खैरुन्निसानं त्याचं टोक छाटलं. कापल्या जागी काही दिसेना. मग हळूहळू पांढरा चीक गोळा झाला, फुगला आणि खाली ओघळला. खैरुन्निसानं तिथं कोयता थांबवला.

कापांवर राख भरली, मुळं साध्या पाण्यानं तीनदा धुतली, नव्या कोरड्या चुऱ्यात बसवली. फांद्या उतरवल्या. शेवटी डब्यात जे राहिलं ते वीतभर खोड होतं, मुठीसारखं. दुर्गाबाईनं ते बघितलं, तांब्या उचलला आणि न बोलता फटीतून निघून गेली. आता न बोलायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर ती आली नाही. पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला. औंधहून कळलं की शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. उद्धवराव भावजयीला घेऊन चिंचवडहून गाडीनं गेले, आणि ती तिकडंच नात्यातल्या कुणाकडं राहिली. ओल्या लुगड्यानं ती खैराबीच्या परसात बोलली, व्रत मोडलं, हे गावात कसं कळलं कोण जाणे. बहुधा तिनंच सांगितलं असेल. पाणवठ्यावर खैरुन्निसा गेली की बायका जागा करून द्यायच्या, जरा जास्तच जागा. चांदभाईला तीन आठवडे काम आलं नाही. पाऊस सुरू झाला म्हणून असेल, असं तो म्हणायचा. दरवर्षी पावसातच तर भिंती पडायच्या.

सव्वा महिना भरला. खोड तसंच.

"सोड नदीत," चांदभाई म्हणाला. "आपण केलं ते केलं."

"काटा टोचला की चीक येतोय."

"मेलेल्या कोंबडीचे बी पाय हलतात, खैरू."

तिनं त्या दिवशी त्याला भाकरी वाढली आणि स्वतः जेवली नाही.

कोंब आला तो त्रेचाळिसाव्या दिवशी, आणि जिथं ती रोज बघत होती तिथं नाही. वर सगळं ठणठणीत कोरडं. खाली, चपट्या मुळाला खोड जिथं मिळतं तिथं, पोत्याच्या कडेखाली, तांदळाच्या कणीएवढा तांबडा ठिपका. तिनं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. एकदा डोळे फुगून काळे पडलेले तिनं बघितले होते. चार दिवस ती पोतं उचलायची, बघायची, परत झाकायची. पाचव्या दिवशी ठिपक्याचं पान झालं, नखाएवढं, आणि त्याच्या बगलेत दुसरा ठिपका.

मग ती उद्धवरावांच्या घरी गेली. दुर्गाबाई दोन दिवसांपूर्वी औंधहून आली होती. सयाजी पुढच्या शिमग्याला घरी आला, एक खांदा पडलेला, पण आपल्या पायांनी चालत. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी दुर्गाबाईला एवढंच माहीत होतं की मुलाच्या पाच बरगड्या काढल्या आहेत आणि ताप उतरत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. खैरुन्निसा अंगणातच थांबली.

"वैनी, फुटलाय."

दुर्गाबाईचे हात सुपात थांबले. तिनं हात जोडले नाहीत. डोळ्यांत पाणीही आलं नाही. ती म्हणाली, "त्याचा ताप एकशे दोन हाय."

"व्हय. उद्धवराव सांगत हुते."

"मग ह्याचं फुटनं कशाचं, खैराबी?"

खैरुन्निसानं झाडाची जबान दिली होती. पुढचं तिनं कधी कबूल केलं नव्हतं, आणि तरी आता तिला ते कबूल केल्यासारखंच वाटत होतं. "मला ठाऊक न्हाई, वैनी," ती म्हणाली. "फुटलाय एवढं सांगायला आले."

संध्याकाळी दुर्गाबाई आली. पुढच्या दारानं, पायरीवरून, चांदभाई बसला होता त्याच्या समोरून. हातात तांब्या होता. खैरुन्निसानं वाकून आत बघितलं; नुसतं पाणी होतं. परसात जाऊन दुर्गाबाई डब्याशी बसली. पान बघितलं. मग तांब्या उचलला आणि थांबून विचारलं, "घालू?"

"बोट घाला आधी. दुसऱ्या पेरापर्यंत."

दुर्गाबाईनं विटांच्या चुऱ्यात बोट खुपसलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसंच ठेवलं. तापात पडलेल्याच्या कपाळावर हात ठेवावा तसं.

"वलं हाय," ती म्हणाली.

"मग आज न्हाई."

"उद्या?"

"उद्या परत बोट घालून बघायचं."

दुर्गाबाई थोडा वेळ बसून राहिली. काही घालायचं नाही, काही म्हणायचं नाही, आणि तरी बसायचं, हे तिला जमत नव्हतं. तिचे हात सारखे पदराशी चाळा करत होते. अखेर ती उठली. भरलेला तांब्या तसाच उचलला आणि न हिंदकळू देता घरी परत घेऊन गेली.